पॅरोलची मिरवणूक

विशालला कोरोनामुळे पॅरोल मिळाला आणि राहनाळ गावात सगळ्यात आधी अक्कल गहाण पडली ती त्याच्या काकांची.

जमिनीवरून झालेल्या मारामारीत विशाल शिक्षा भोगत होता. जेलमध्ये साथ शिरली, तसं काही कैद्यांना घरी सोडायचं ठरलं. अट एकच, घरात राहायचं, गर्दी जमवायची नाही, नाहीतर परत आत. त्याच्या बायकोला, मृणालीला, तेवढंच हवं होतं. सासू पार्वती अंथरुणाला खिळलेली, डॉक्टरांनी आशा सोडलेली. म्हातारीचा जीव लेकात अडकला होता. तो एकदा तिच्या उशाशी बसावा, यापलीकडे मृणालीचं कुणाकडे काही मागणं नव्हतं.

विशालला आणायला केसरीनाथकाका जाणार होते, म्हणून ती त्यांच्याकडे गेली. "काका, गाडी गपचूप दारात आणा. कोणाला बोलवू नका."

"आपला पोरगा दोन वर्षांनी घरी येतो हाय. त्याला चोरासारखा आणू?"

काकांची दोन गोदामं भाड्याने दिलेली होती, त्यामुळे त्यांचं चुकतंय असं त्यांना कित्येक वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. त्यात लॉकडाऊनमुळे गावात एक हळद धड झाली नव्हती. बँजोवाले रिकामे, पोरांचे पाय शिवशिवत होते. अशात पुतण्याला मुकाट्याने घरी आणलं तर भाऊबंदांत नाक कापलं जाईल, असं काकांना मनापासून वाटत होतं. मृणालीने हात जोडले, काकूंना मध्ये घातलं. शेवटी काका म्हणाले, "बरं, न्हाय वाजवत बँजो." तिने बिचारीने विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती भाकऱ्या थापत असताना नाक्याकडून बँजो वाजायला लागला. ती पिठाच्या हातांनी तशीच उठली. पण सासूला एकटं टाकून धावत जाता येईना. बँजो जवळ जवळ येत होता, आणि मग मध्येच बंद पडला.

बऱ्याच वेळाने काका एकटेच आले. सदरा गुलालाने माखलेला.

"हे कुठेत?" मृणालीने विचारलं.

"पोलिसांनी नेला परत. पोरांनी व्हिडिओ टाकला ना मोबाईलवर. उघड्या जीपवर उभा केलेला त्याला."

"आणि ते उभे राहिले?"

"न्हाय म्हणत होता. खाली उतरवा म्हणत होता सारखा. मला वाटलं, लाजतो." काकांचा आवाज उतरला. "प्रेमानेच केलं गो आम्ही."

मृणालीचं डोकं सणकलं. या माणसाला शिव्या द्याव्यात की भिंतीवर डोकं आपटावं, तिला कळेना. सांगून झालं होतं, हात जोडून झाले होते. आता करायचं काय राहिलं होतं?

आतून पार्वतीचा क्षीण आवाज आला. "मृणाली, बँजो ऐकला मी. आला ना गो माझा विशाल? मंग आत का येत न्हाय?"

काका चपला शोधायला लागले. मृणाली दारात आडवी उभी राहिली.

"आत जा काका," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा त्यांना."