बोंब येईपर्यंत

"बंद करा," नवे मॅनेजर म्हणाले.

"पण सर, नऊ नंबरचं मशिन काय करतं तेच आपल्याला ठाऊक नाही."

"म्हणूनच बंद करा. ज्याचं असेल तो बोंब मारेल. कोणीच बोंबललं नाही, तर पुसून टाकू. जगभर असंच करतात."

पॅकरसाहेबांचा हात माउसवर होता तिथेच राहिला. जगभर असंच करतात हे त्यांनाही माहीत होतं. जगभर माणसं मरतात हेही माहीत असतंच. म्हणून कोणी आजारी शेजाऱ्याची ऑक्सिजनची नळी काढून बघत नाही.

पॅकर हे त्यांचं आडनाव नव्हे. विमा कंपनीच्या तळमजल्यावरच्या थंडगार खोलीत बसून ते घरसामान हलवणाऱ्या पॅकर्ससारखे व्हर्च्युअल मशिन्स एका संगणकावरून दुसऱ्यावर हलवत, म्हणून ऑफिसने त्यांचं हे बारसं केलं होतं. एका खऱ्या संगणकाच्या पोटात दहा-बारा खोटे संगणक भाडेकरूंसारखे राहतात आणि प्रत्येकाला वाटतं, आपणच घरमालक. इमारत जुनी झाली की भाडेकरूंना सामानासकट नव्या इमारतीत न्यायचं, तेही असं की त्यांना पत्ता लागू नये. आतल्याला कळलं, तर काम वाईट झालं.

या वेळी नवी इमारत निराळ्याच जातीची होती. तिची ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी, रीतभात वेगळी. अशा ठिकाणी जुनं मशिन नेलं की ते जागं होताच विचारतं, माझी डिस्क कुठे? आणि उत्तर मिळण्याआधीच निळ्या पडद्यावर मान टाकतं. म्हणून साहेब प्रत्येकाच्या खिशात निघण्याआधीच नव्या घराची किल्ली ठेवत, म्हणजे नवे ड्रायव्हर आत घालून ठेवत. त्यांच्या हातून एकही मशिन दगावलं नव्हतं. सगळ्यात म्हातारं नऊ नंबर, तेही नव्या घरात डोळे उघडून कामाला लागलं होतं. काय कामाला, ते सांगू शकणारा माणूस साहेब नोकरीला लागण्याआधीच निवृत्त झाला होता.

साहेबांनी नऊ नंबर बंद केलं आणि टेबलावरच्या फोनकडे बघत बसले. तो दिवस गेला. आठवडा गेला. फोन वाजला एकदाच, तोही क्रेडिट कार्ड हवंय का विचारायला. साहेबांना बसलेला धक्का वेगळाच होता. इतकी वर्षं आपण ज्याच्यासाठी रविवारची झोप मोडून धावत आलो, ते कोणाला नकोच होतं?

शुक्रवारी मॅनेजरांनी खांद्यावर हात ठेवला. "फार दमलात हो तुम्ही. पंधरा दिवस सुट्टी घ्या. लॅपटॉप इथेच राहू दे. आणि तुम्ही फोन करायचा नाही. लागलं काही, तर आम्ही करू."

एवढी माया साहेबांना नोकरीत कधी मिळाली नव्हती. ते गहिवरून घरी आले.

बुधवारी सकाळी ते बायकोसमोर बसून मटार सोलत होते.

"ती परीक्षा कसली म्हणालात?" बायकोने विचारलं.

"बोंब परीक्षा. एखादं मशिन कोणाला लागतं की नाही कळत नसेल, तर ते गुपचूप बंद करायचं. आठ-पंधरा दिवस बघायचं, कोणी ओरडतंय का. नाही ओरडलं, तर याचा अर्थ—"

साहेब थांबले. बायकोचा हातही थांबला. एक मटार टेबलावरून घरंगळत फ्रिजखाली गेला. दोघांपैकी कोणी वाकलं नाही.

"सुट्टी किती दिवसांची आहे तुमची?"

"पंधरा."

"फोन आला कोणाचा?"

"नाही."

"आज बुधवारच तर आहे," ती म्हणाली आणि भराभर शेंगा सोलू लागली. दाणे सालांच्या ढिगात पडत होते.

तेवढ्यात फोन वाजला. साहेब असे उठले की खुर्ची मागे कलंडली. ऑफिसातल्या नेटवर्कवाल्या बाई होत्या.

"पॅकरसाहेब, बोंब आली."

"माझ्या नावाने?" साहेबांनी नकळत विचारलं.

"तुमच्या नावाने कशाला? नऊ नंबरच्या. मोठे साहेब सातव्या मजल्यावर हातांना साबण लावून उभे आणि नळ कोरडा. शोधलं तेव्हा कळलं, टाकीचा पंप नऊ नंबर चालवायचं. पंपवाले काका इतके दिवस हाताने चालू करत होते. तक्रार करायला गेले, तर त्यांना म्हणे फॉर्म भरायला सांगितलं. आज काकांना ताप आला."

साहेबांचा पाय दाराशी बूट चाचपत होता. "मी निघतोच. अर्ध्या तासात पोचतो."

"अहो, छे. मीच चालू केलं की. एका झटक्यात उठलं. इतकं छान हलवलंत तुम्ही, त्याला कळलंसुद्धा नाही घर बदललंय ते. मॅनेजरही म्हणाले, झकास, आता हलवायचं काही उरलंच नाही. म्हटलं, तुम्हाला बरं वाटेल, कळवावं."

"छान," साहेब म्हणाले. "छानच झालं."

त्यांच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नसते. ती ऐकताना पाठीला घाम फुटतो, हे मात्र त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

"काय म्हणतायत?" बायकोने विचारलं.

"पाणी आलं म्हणतायत."

ते आतल्या खोलीत गेले. दिवा लावला नाही, पंखाही नाही. पलंगाच्या कडेला हात मांडीवर ठेवून गप्प बसले. पेपर चाळावा, कपाट आवरावं, काहीच मनात येईना. आपण स्वतःलाच बंद करून बघतोय हे ध्यानात आलं, तेव्हा ते दचकले. पण उठले नाहीत. बाहेर मटारांचा आवाज थांबला होता. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

"अहो!"

साहेबांनी ओ दिली नाही.

"अहो, कुठे आहात? या बरणीचं झाकण निघत नाहीये. जरा या ना."

त्यांनी आणखी एकदा हाक येऊ दिली. मग उठले, चष्मा पुसला आणि बाहेर आले. बायको पाठमोरी ओट्याशी होती. तिने मागे न बघताच बरणी त्यांच्या हातात दिली.

साहेबांनी बाही सरसावून झाकणाला हात लावला. झाकण नुसतं वर ठेवलेलं होतं.

"फारच घट्ट बसलंय," साहेब म्हणाले आणि जरा वेळ लावून त्यांनी ते काढलं.