पांढऱ्या रेघांचं घर

"पोरी, घर बांधशील तेव्हा भिंती उठायच्या आधी त्यात एकदा हिंडून ये."

वडील जाऊन वर्षं लोटली, तरी त्यांचा हा आवाज सूनबाईच्या कानात होता. म्हणून पाया खणायच्या आदल्या दिवशी, उन्हं कलल्यावर, ती घरच्यांना घेऊन प्लॉटवर आली.

गवंड्याने चुन्याच्या फक्कीने सगळं घर जमिनीवर आखून ठेवलं होतं. पिवळ्या उजेडात त्या रेघा तरंगल्यासारख्या दिसत होत्या. सूनबाई नसलेली दारं उघडत हिंडू लागली. इथे दोन पायऱ्या उतरून बैठक, तिथे जिना, वर निजायच्या खोल्या. नवराही न बांधलेल्या खिडकीशी उभा राहून बाहेर बघत होता.

मागून आत्याबाई चाकांच्या खुर्चीतून आल्या. नवऱ्याच्या या आत्यानेच शिवणकाम करून त्याला लहानाचा मोठा केला होता. घर झालं की त्यांनी इथेच राहायचं, हे ठरलेलं. त्यांनी आपल्या हातांनी खुर्ची आत घेतली. बैठकीच्या पायऱ्यांपाशी थबकल्या, वळसा घालून न्हाणीघराकडे गेल्या. दारातून खुर्ची आत गेली खरी, पण दोन्हीकडच्या रेघा चाकांनी पुसून!

"घ्या, तुमची भिंतच पाडली की मी," आत्याबाई हसल्या.

बाकी कुणाला हसू आलं नाही. आम्ही तुम्हाला उचलून नेत जाऊ, असं सूनबाई ओशाळून म्हणाली. नवऱ्यानेही मान डोलावली.

"आज उचलशील गं. उद्या तुझे गुडघे कुरकुरायला लागले की तुला कोण उचलणार?" आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. "माझ्यासाठी काही बदलू नका, मी पिकलं पान. पण लेकराचा झगा शिवताना मी शिवणीत कापड जास्तीचं ठेवायची. पोर वाढणार हे ठाऊक असायचं ना! घर तर जन्मभराचं. ते आजच्याच मापाचं कसं बेतलंत?"

सूनबाईने डोळे मिटले. केस पांढरे झालेली एक बाई जिन्याच्या पायथ्याशी कठडा धरून उभी होती. वर आपलीच खोली, आणि पाय उचलत नव्हता. ती बाई वळली, तर चेहरा सूनबाईचा स्वतःचाच! हौसेला विचारून घर आखलं, येणाऱ्या वयाला विचारायचंच राहिलं.

तिने आत्याबाईंचा हात धरला आणि शब्द दिला, या घरात कुणाच्या आधाराशिवाय तुम्ही हिंडाल.

"शब्द राहू दे, आधी दार रुंद कर," आत्याबाई म्हणाल्या, पण हात सोडला नाही त्यांनी.

वाचकहो, देह हे देवाने दिलेलं घर. ते कधी थकेल, आपल्या हातात नाही. विटांचं घर मात्र आपल्या हातात आहे. रुंद दार, सपाट वाट, खालीच एक निजायची खोली, हे थकलेल्यांवर उपकार नव्हेत. ती आपल्याच उद्याची सोय आहे. घर आखताना सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाला पुढे चालू द्यावं.

अंधारून आलं तसा नवरा आत्याबाईंना घेऊन परतला. सूनबाईने नकाशाची गुंडाळी काखेत मारली. सकाळी कुदळ पडायच्या आत रेघा हलायला हव्या होत्या. तिने नकाशा काढणाऱ्या इंजिनिअरच्या घराचा रस्ता धरला.