पोट सुटलेली भिंत

मित्रांनो, मी मुरुडच्या जुन्या बाजारपेठेतलं एक दुमजली दगडी घर आहे. माझं वय नक्की ठाऊक असणारे माझ्या आधी गेले. शिंपले भाजून केलेल्या चुन्यात माझे दगड बसवले होते. तो चुना पावसात भिजे, उन्हात सुके. पुढे कुणी कौतुकानं माझ्या रस्त्याकडच्या भिंतीला सिमेंट फासलं. मी देखणं दिसू लागलं, पण आत शिरलेलं पाणी आतच राहू लागलं.

मग मी 'संरक्षित' झालं. सरकारी वारसा कचेरीनं माझ्या छातीत चार भोकं पाडून फलक लावला: विनापरवाना एकही खिळा ठोकू नये.

यंदा नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ती भिंत पोट सुटावं तशी फुगली. तिच्या पायाशी सोनूबाई सुके बोंबील विकते. हिरामण गवंड्यानं हातोडीनं दगड वाजवून पाहिले.

"पोकळ हाय. सोनूबाय, ऊठ हितनं."

"गिऱ्हाईक हितंच येतं. भिंतीला सांग उठायला."

"टेकू द्यायला लागंल. आजच."

"दुरुस्तीचा अर्ज दिलाय ना तू कचेरीत?"

"आषाढात दिलाय. तो बी तिथं बसूनच हाय."

इतक्यात माझा एक दगड बोटभर सरकला. मी त्याला धरून ठेवायला गेलं, पण धरायला काही उरलंच नव्हतं. बोंबलांवर माती पडली. सोनूबाई उठली आणि कोळीवाड्यात गेली.

होड्या कालच दर्यात उतरल्या होत्या. पावसाळाभर त्यांना किनाऱ्यावर उभं धरणारे लाकडी टेकू रिकामे पडले होते. तिचा भाऊ सदा सहा टेकू घेऊन आला.

"ठोकू नका," हिरामण म्हणाला. "पाचर हातानं सारा. हळू."

पाचवा टेकू लागला तेव्हा माझ्या पोटात करकरलं. सगळे जागच्या जागी थांबले. तेवढ्यात कचेरीचे साहेब मोटारसायकलवरून उतरले.

"परवानगी कुठाय?"

"टेकू सुकत ठेवलेत, साहेब," सोनूबाई म्हणाली.

"भिंतीला टेकवून?"

"मंग तुमाला टेकवू?"

साहेबांनी वर पाहिलं. मूठभर चुना त्यांच्या खांद्यावर सांडला. त्यांनी तो झटकला नाही.

"खिळा मारलाय?"

"एक बी न्हाय."

"मग लाकूड सुकवायला आमची हरकत नाही," असं म्हणून साहेबांनी सोनूबाईची टोपली एका बाजूनं धरली. दोघांनी ती रस्त्यापलीकडे नेली. त्यानंतर हिरामणनं सहावा टेकू लावला.

मी अजून उभं आहे. मित्रांनो, जुने दगड जपा, जरूर जपा. पण आधी बघा, त्यांच्याखाली कोण बसलं आहे.