हलला तर रद्द

मशीनला माणूस कळतो असं म्हणणाऱ्याला मी आठवडाभर माझ्या खुर्चीत बसवेन. बावीस वर्षं स्कॅन काढतेय मी. आधी गुडघे, पाठी, गाठी. गेली दोन वर्षं कैदी. सुटकेचा अर्ज आला की कैद्याला मशीनमध्ये झोपवायचं. समोर गोल दिसला की त्यानं बटण दाबायचं, फुली दिसली की नाही. सगळं इतकं भराभर की चुका होतातच. चूक झाली की मेंदूतला एक ठिपका उजळतो. ज्याचा उजळत नाही तो बाहेर जाऊन पुन्हा गुन्हा करणार, असं आमचे डॉक्टर सांगतात. पाठीमागे आम्ही त्यांना ज्योतिषीबुवा म्हणतो.

त्या दिवशी सुताराची पाळी होती. तुरुंगातल्या कारखान्यात खुर्च्या ठोकतो म्हणून सुतार. अकरा वर्षांपूर्वी भांडणात त्यानं मेहुण्याच्या डोक्यात हातोडा घातला. मेहुणा जागीच गेला. तेव्हापासून बहीण एकदाही भेटायला आली नव्हती, आणि आज ती बाहेर बाकावर बसलेली. मांडीवर पर्स, हातात घड्या घातलेला कागद.

"मला सुटकेच्या मंडळापुढे बोलायचंय," ती म्हणाली.

"मशीनचा निकाल आला की मंडळ कुणाचं ऐकत नाही हो," मी म्हटलं. "माणूस आत हलला तर स्कॅन रद्द. दोनदा रद्द झाला, तरच दोन्हीकडच्या माणसांना बोलावतात."

ती आलीय हे सुताराला सांगायची मला सक्त मनाई होती. स्कॅन होईपर्यंत घरचा विषय काढायचा नाही, असा नियम.

सुतार आत गेला आणि दगडासारखा पडून राहिला. बारा मिनिटांत नऊ चुका, आणि नऊही वेळा ठिपका ढिम्म. आता हा कसला सुटतोय!

बाहेर काढला तर गडी खुशीत. "जमलं ना, मॅडम? आठ महिने सराव केलाय. बराकीत सगळेच करतात. मशीन राग पकडतं ना? म्हणून चूक झाली तरी मनाला लावून घ्यायचं नाही. गप्प, शांत."

अरे कर्मा! जे मशीन शोधत होतं, तेच ही मंडळी घोटून घोटून पुसत होती.

मी डॉक्टरांकडे धावले. "अहो, हे सगळे उलटी तयारी करून येतात!"

"मेंदूची तयारी करता येत नाही, बाई. तुम्ही तुमची बटणं दाबा."

बटणं दाबा म्हणे! माझं डोकंच फिरलं. हालचालीचा शेरा मारायचा अधिकार माझा. मी फॉर्मवर लिहिलं, 'हालचाल. रद्द.' धादांत खोटं, बावीस वर्षांतलं पहिलं. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. "दुसऱ्या वेळी मी तुमच्या मागे उभा राहतो," एवढंच म्हणाले.

सुताराला परत झोपवताना मी कुजबुजले, "तो सराव सोड रे बाबा." तो नुसता हसला. त्याला काय कळणार?

पाच मिनिटं गेली. चार चुका, ठिपका मेलेला. डॉक्टरांचा श्वास माझ्या मानेवर. माझी नोकरीची चार वर्षं राहिली होती. तरी मी माईक चालू केला.

"सुतार, बाहेर बाकावर तुझी बहीण बसलीय."

"बाई!" डॉक्टर किंचाळले.

आत त्याचे पाय आखडले, छाती वरखाली व्हायला लागली, आणि तो मोठा बाप्या लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला. पडद्यावरचं चित्र पार विस्कटलं.

"घरी बसाल तुम्ही!"

"बसेन की. आधी लिहा, दुसऱ्यांदा रद्द. या वेळी खरोखरचं."

त्यांनी लिहिलं. काय करतील, सगळं डोळ्यांसमोर झालं होतं. सुतार फार गुणाचा आहे असं मी म्हणत नाही. हातोडा त्यानंच घातला होता, आणि पुन्हा हात उगारणार नाही याची हमी मी कुठून देऊ? मला भीती वाटत होतीच. पण कुणीतरी त्याच्याशी बोलून तर बघा!

मी बाहेर आले तशी बहीण उठली. "आत कोण रडत होतं?"

"तुमचा भाऊ. तुम्ही आलाय म्हटल्यावर."

ती परत बाकावर बसली. "कोर्टात डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं त्यानं. माझा संसार मोडला त्याचं ह्याला काहीच नाही, हेच धरून बसले मी अकरा वर्षं. ह्याला सोडू नका म्हणून सांगायला आले होते. सगळं लिहून आणलंय."

तेवढ्यात शिपायानं मंडळाच्या खोलीचं दार उघडून तिला हाक मारली. तिनं कागद एकदा उघडून बघितला, परत घडी घातली, पर्समध्ये टाकला आणि चेन लावून आत गेली.