दिवा लावला की भोंगा वाजे

मित्रांनो, मी एक जुना ट्रॅक्टर आहे आणि आज जरा चिडूनच बोलणार आहे. म्हातारे माणूस चिडले की मध्ये बोलायचे नसते, एवढे तुम्हाला घरी शिकवले असेलच.

मी कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझ्या अंगात मोजून एकोणीस तारा होत्या. प्रत्येकीवर कापडी वेष्टन, प्रत्येकीचा रंग वेगळा आणि प्रत्येकीला एकच काम. दिव्याची तार दिव्याकडे जाई, भोंग्याची भोंग्याकडे. गिअरच्या दांड्याखाली बोटाएवढे एक सुरक्षा-बटण होते. मी गिअरमध्ये असलो की ते वीज पुढे जाऊच देत नसे. मग चावी कितीही फिरवा, मी हूं की चूं करत नसे. ते बटण काही शोभेसाठी बसवले नव्हते.

मालकांच्या वडिलांनी मला वीस वर्षे जपले. चिखलातून आलो की ते आधी मला धूत, मग स्वतःचे पाय. त्यांच्यामागे मी मालकांच्या हाती आलो. मालक कष्टाळू, मनाने चांगले, पण त्यांना एक खोड होती. बिघाड दिसला की तो काढायचा नाही, त्याला वळसा घालायचा. वर म्हणायचे, "चालतंय ना? मग झालं तर!"

उजव्या दिव्याची तार तुटली, तेव्हा त्यांनी इस्त्रीची जुनी वायर जोडली. दिव्याचा स्विच मोडला, तिथे घरातल्या पंख्याचे बटण आले. चिकटपट्टीवर चिकटपट्टी चढली. उरलेसुरले उंदरांनी कुरतडले. शेवटी असे झाले की दिवा लावला की भोंगा वाजे, आणि भोंगा दाबला की मागचा लाल दिवा लागे. रस्त्याने माणसे वळून वळून हसत. मला मेल्याहून मेल्यासारखे होई.

त्यात ते सुरक्षा-बटण गंजले आणि अधूनमधून विनाकारण नकार देऊ लागले. मालकांनी ते उपटून उकिरड्यावर फेकले आणि त्याच्या दोन तारा एकमेकींना पिळून टाकल्या. पुढे चावीचा स्विचही गेला. तेव्हापासून ते खाली जमिनीवर, माझ्या मागच्या चाकापुढे उभे राहून स्टार्टरच्या दोन टोकांवर स्क्रू-ड्रायव्हर आडवा धरू लागले. ठिणगी उडे आणि मी खोकत सुरू होई. हा पराक्रम ते पाहुण्यांना बोलावून दाखवत!

एका सकाळी व्हायचे तेच झाले. आदल्या दिवशी मी उतारावरून घसरू नये म्हणून मालकांनी मला गिअरमध्ये ठेवले होते, आणि ते साफ विसरले होते. समोर हौदापाशी मालकीणबाई भांडी घासत होत्या. त्या बादली उचलून बाजूला झाल्या आणि त्याच क्षणी ठिणगी उडाली.

मी झेपावलो. मित्रांनो, मला थांबायचे होते हो! पण मला अडवणारे काही उरलेच नव्हते. माझे चाक मालकांच्या पायाला घासून गेले. मी हौदाची भिंत फोडली आणि धापा टाकत बंद पडलो. भांड्यांचा चेंदामेंदा झाला. मालकांची एक चप्पल चाकाखाली होती. पाय तेवढा निसटला होता.

मालकीणबाई हातातली बादली खाली ठेवून घरात गेल्या आणि त्यांनी नणंदेला फोन लावला.

नणंद म्हणजे मालकांची धाकटी बहीण. टेलिफोनच्या तारा जोडण्यात त्यांची तीस वर्षे गेली होती, म्हणून सगळे त्यांना ताराबाईच म्हणत. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने त्या हजर झाल्या. माझे झाकण उघडून आत पाहिले आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"दादा, हे वायरिंग आहे की पाखराचं घरटं? पाखरूसुद्धा नीट विणतं रे!"

"इतकी वर्षं चालत होतं ना?"

"हो, काल तर भिंतीपर्यंत चाललं!"

मालकांनी मान वळवली. मग म्हणाले, "एखादं बटण बदल. सगळं उपसत बसू नकोस."

"एक तार ओढली तर चार हातात येतायत. त्यातली कुठली बदलू, ते सांग."

ताराबाईंनी आधी बॅटरी सोडवली. मग एकेक जुनी तार काढायची, तिला चिठ्ठी बांधायची, आणि तिच्या मापाची नवी तार घालायची, असे तीन दिवस चालले. मालकांना त्यांनी टॉर्च धरायला बसवले.

"दादा, उजेड तारेवर पाड, माझ्या डोळ्यात नको!"

"त्या पिवळीचं मला वाटतं—"

"तुला वाटतं म्हणूनच मी आलेय इथं."

नवी फ्यूजपेटी आली, चावीचा आणि दिव्यांचा स्विच आला. सुरक्षा-बटण मात्र मिळेना. चार दुकानदारांनी एकच सल्ला दिला, "एवढ्या जुन्याला ते कशाला? दोन तारा जोडून टाका." ताराबाई प्रत्येक दुकानातून पाय आपटत बाहेर पडल्या. अखेर भंगारवाल्याकडे माझ्याच वयाचा एक मोडका ट्रॅक्टर निघाला आणि त्याचे बटण मला बसले.

तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी मालकांना नाही, मालकीणबाईंना हाक मारली. "वहिनी, वर बसा. चावी तुम्ही फिरवायची."

"मी? नको वन्सं, मला भीती वाटते."

"म्हणूनच."

त्या बसल्या. गिअर टाकून चावी फिरवली. मी गप्प. गिअर काढून फिरवली. मी सुरू! दिवे लागले आणि भोंगा चकार शब्द बोलला नाही. मालकीणबाईंनी मला पाच वेळा बंद करून पाच वेळा तपासले. मग तीन दिवसांत पहिल्यांदा नवऱ्याशी बोलल्या.

"अहो, हौदाची भिंत कधी बांधताय?"

महिन्याभराने मालकांनी माझ्याजवळ उभे राहून बहिणीला फोन केला. आवाज चढलेला होता. "तुझं वायरिंग बिघडलं सगळं! चावी फिरवून फिरवून हात दुखला माझा!"

"दादा, गिअर कुठंय?"

मालकांनी दांड्याकडे पाहिले. मी गिअरमध्येच होतो.

"बरं," ते हळूच म्हणाले, "तुझी तब्येत कशी आहे?"

तेव्हा मित्रांनो, एखादे यंत्र अडून बसले तर आधी त्याच्यावर डाफरू नका. ते का अडले ते वाकून बघा, आणि बघता येत नसेल तर ज्याला बघता येते त्याला बोलवा. आम्ही यंत्रे काही फार बोलत नाही. जो एखादा शब्द बोलतो, तेवढा ऐका.