बैलांनी ओढलेली फ्रेम

हिरव्या रंगाची पापडी फ्रेमच्या नळीवरून सुटत होती, आणि तिच्याखाली बाभळीची साल रुतून बसली होती. मच्छिंद्र लोहारानं नखानं उकरली तरी निघेना... बाभळीचा तसा काही दोष नव्हता. ती जागची हलली नव्हती. हलले होते काकासाहेब, हैदराबादच्या लष्करी लिलावातून आणलेल्या मोटारसायकलवर बसून. समोर झाड आलं तेव्हा जन्मभर बैल हाकलेल्या त्या माणसानं ब्रेक दाबला नाही, हँडल कासऱ्यासारखं दोन्ही हातांनी छातीशी ओढलं आणि बैल थांबवावेत तसा ओरडला, "हो! हो!" गाडीनं ऐकलं नाही. गाडीला मराठी कुठून येणार?

आता इंजिन-चाकं काढलेली फ्रेम भट्टीपुढे पडली होती, मान मुरगाळलेल्या कोंबडीसारखी डावीकडे वळून. आणि ती सरळ करायची म्हणजे — पण मीच बोललो ना, वडीगोद्रीच्या भर बाजारात? 'हैदराबादला कशाला धाडता मालक, लोखंड ते लोखंड!' कुणी विचारलं होतं मला? बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवणारा मी, फाळ पाजवणारा... जीभ एवढी लांब कधी झाली? फ्रेम मोडली तर उद्यापासून कुणी खुरपंसुद्धा आणून देणार नाही. आणि रामकिसन तर प्रत्येक लग्नात, वाढप्याला थांबवून, हीच गोष्ट सांगेल.

रामकिसन म्हणजे बायकोचा भाऊ. जुन्या जालन्यात मोटारींच्या गॅरेजात कामाला. इंजिन उतरवायला आला आणि मजा बघायला थांबला.

"दाजी, ही फ्रेम हाय. छकड्याची लाकडी साटी न्हाई."

"दिसतंय मला."

"मोडली तर मी इथं आल्तोच न्हाई, बरं का. अक्काला सांगून ठिवलंय."

मच्छिंद्रानं सकाळी घण मारून पाहिला, तर नळी चेपायला लागली. ठोकून नाही मग... बायको द्वारका आणि तो ओलं लुगडं झटकतात, ती त्या टोकाला, तो ह्या टोकाला, पाय रोवून ताणतात — चुण्या जातात कुठं? कुणी मारत नाही त्यांना. आपसूक जातात. ओढायची! फ्रेमची शेपटी निंबाच्या बुंध्याला साखळदंडानं, मान बैलांच्या जुवाला, आणि वाकलेल्या जागी पेटत्या गोवऱ्या. नळी लाल झाली. बैल मात्र हलेनात. बैल काकासाहेबांचे होते, आणि त्यांना दुसऱ्याचा आवाज चालत नव्हता.

काकासाहेब हात गळ्यात बांधून बाजेवर बसले होते. "मच्छिंद्रा, मपल्याच बैलांनी मपलीच गाडी वढून राह्यलो का मी?"

"मालक, आवाज तेवढा द्या. जल्दी."

आवाज आला. बैल वाकले, साखळी ताठ झाली, फ्रेम कण्हली — की मीच कण्हलो? — एक बोट आली, दोन बोटं आली, चार... "बस! मालक, बस झालं!" पण बैलांना बस कळेना, निंब करकरला —

"हो! हो!"

बैल जागच्या जागी थांबले. काकासाहेबांनी बघायला जमलेल्या साऱ्या आळीवरून नजर फिरवली. "पाह्यलं का? आवाजात खोट नव्हती."

फ्रेम निवल्यावर रामकिसननं ती सरळ आहे का बघायला दोरी धरली. एक डोळा मिटला, मग दुसरा. फेरा मारला, खाली झोपला, पुन्हा उठला. "बराबर हाय," तो म्हणाला, कुणाच्या दहाव्याला आल्यासारखा. मग दोरी गुंडाळत, "बिलकुल बराबर हाय, दाजी."

"पळंल का पण?" काकासाहेबांनी विचारलं.

"ते चाकं चढवल्यावर कळंल," रामकिसन म्हणाला.

मच्छिंद्राला ऐकूच आलं नाही. त्यानं मान वर केली होती, आणि समोर... चावडीची तुळई डावीकडे कललेली. शाळेची भिंत पोट सुटल्यासारखी पुढे. त्याचं स्वतःचं दार, ज्यातून वीस वर्षं सगळं घर खांदा पाडून आत जातं. रामकिसनचं नाकसुद्धा — हे आजवर कसं दिसलं नव्हतं? एवढं सगळं वाकडं, आणि मी त्यात गुमान जगत आलो?

सोडलेला साखळदंड अजून हातातच होता. चावडीला तो कुठून बांधावा लागेल, ह्याचा तो शांतपणे विचार करू लागला.