कातरणीचा गुरुवार

"सही कर म्हणतोय ना तुला!" योगीराज मॅनेजरने टेबलावर कागद आपटला. समोरचा गुंडाप्पा त्याच्या बापाच्या वयाचा होता. पण धावपट्टीवरच्या वॉचमनला 'तुम्ही' म्हणायला या माणसाची जीभ कधी वळली नव्हती.

कागदावर लिहिलं होतं : गुरुवारी सकाळी गौराबाईच्या मेंढ्या धावपट्टीवर आल्या, त्यांना वाचवताना विमान घसरलं. खुर्चीत रेलून बसलेल्या शिवराजच्या कपाळाला पट्टी होती. विमान त्याचं आणि चालवणाराही तोच.

गुंडाप्पा मेंढपाळाच्या घरातला. कळप परतला की आधी पायांकडे बघायचं, ही त्याची लहानपणापासूनची खोड. चौदा वर्षं तो विमानांच्याही पायांकडेच बघत आला होता. चाकांना तो पायच म्हणायचा. गुरुवारी शिवराजचं विमान खाली आलं आणि पाय पोटातच! गुंडाप्पा दोन्ही हात हलवत, ओरडत धावला. शिवराजने काचेतून ऐटीत हात हलवला. येणाऱ्या विमानाला सलाम ठोकायचा हा मॅनेजरचाच नियम. म्हातारा आज जरा जास्तच सलाम करतोय, एवढंच त्या शहाण्याला वाटलं असणार. मग पोट घासत, ठिणग्या उडवत विमान गवतात घुसलं. गुंडाप्पाने दार उचकटलं तेव्हा आत धोक्याचा भोंगा कोकलत होता, आणि त्याच्यावर ताण करत गाणी वाजत होती. रक्ताने माखलेल्या शिवराजला त्यानेच पाठीवर घालून बाहेर आणलं.

"गौराबाई माझी भावजय हाय," गुंडाप्पा म्हणाला. "तिच्यावर केस हुईल."

"होऊ दे की. मेंढरंवाल्यांना काय फरक पडतो?" शिवराज हसला.

"साहेब, गुरवारी आमच्या वस्तीवर लोकर कातरणी व्हती. कातरणीच्या दिशी एक बी मेंढरू कुंपणाभाईर पडत न्हाय. कुणालाबी इचारा. मेंढरांवर घालायला तुमी दिवसच चुकीचा धरला."

मॅनेजरचं तोंड उतरलं. शिवराजचं मात्र नाही. "मग मेंढ्या खोडा," तो म्हणाला, "कुत्रं लिहा. कुत्र्याला कुठं मालक असतो?"

मॅनेजरने लगेच खोडून कुत्रं लिहिलं. आता कुणाचंच नुकसान नव्हतं. सही केली असती तर नोकरी राहिली असती, घरी बायकोच्या, म्हाळसाबाईच्या दम्याच्या गोळ्याही सुटल्या नसत्या. गुंडाप्पाने पेन उचललं. क्षणभर त्याला स्वतःचीच किळस आली.

"म्या एवढा वरडत व्हतो," तो शिवराजकडे बघत म्हणाला, "आन् तुमी हात हलिवला. पाय काढायचं तुमी इसरलात. कुत्र्याच्या नावावर कशाला घालता?"

"चालता हो!" मॅनेजर ओरडला. "टोपी ठेव इथं!"

गुंडाप्पाने टोपी ठेवली, शिट्टी ठेवली. पेन त्या कागदावर आडवं ठेवून तो बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब आले, चहा घेऊन गेले. त्याला कुणी बोलावलं नाही. अहवालात कुत्रंच आलं.

चार महिन्यांनी गुंडाप्पा तारेच्या कुंपणाबाहेर गौराबाईच्या मेंढ्या चारत होता. ओळखीचा आवाज आला. शिवराजचं विमान, नवा रंग लावलेलं. "मर जा तिकडं," तो पुटपुटला आणि मान फिरवली.

पण मान राहिना. हात सवयीने कपाळाकडे गेला. सलाम न करता त्याने डोळ्यांवर सावली धरली आणि पाय मोजले. तिन्ही बाहेर होते. मग तो मेंढ्यांकडे वळला.